मथुराबाईची दाढ

मथुराबाई गेली ती दाढेनं. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माझ्याकडं बघतच राहतो. "दाढेनं कुठं माणूस मरतंय व्हय, म्याडम?" मरतं. मी दातांची डॉक्टर आहे, उमरग्यात बाजाराच्या रस्त्याला एकोणीस वर्षं दवाखाना चालवतेय, आणि मी सांगतेय की मरतं. खालच्या दाढेच्या मुळातला पू हनुवटीखाली उतरला की गळा सुजतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. त्याला दोन-चार दिवस पुरतात.

आणि मथुराबाईचा पू तिथवर पोचण्यात माझा हात होता. हात नव्हे, जीभ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी भली बाई समजायला नको.

माझं तोंड फटकळ आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई म्हणायची, आणि ती काही कौतुकानं म्हणत नव्हती. पेशंट एकमेकांना सांगतात, "वर्षाराणी म्याडम बोलतात लई, पर हात हलका हाय." इतकी वर्षं मला त्यात स्तुतीच ऐकू यायची. रागावलं की माणूस ऐकतं, अशी माझी पक्की समजूत होती. गोड बोलून कुणाचा तंबाखू सुटलाय का?

मथुराबाई पहिल्यांदा आली ती मागच्या चैत्रात. सास्तूरच्या अलीकडच्या वस्तीवरची धनगराची बाई, साठीची, अंगानं वाळलेली पण ताठ. चाळीस-पन्नास मेंढरं होती आणि ती अजून स्वतः चारायला न्यायची. बरोबर सून होती, शिवगंगा. मुलगा बलभीम साखर कारखान्यावर नोकरीला, म्हणून सासू-सून दोघीच एस्टीनं आल्या होत्या. उजवा गाल टम्म सुजलेला. दुसरी बाई असती तर विव्हळत आली असती. ही खुर्चीत बसली आणि आधी माझी सगळी हत्यारं निरखून बघितली.

"उघडा तोंड, मावशी."

उघडलं. खालची उजवीकडची शेवटून दुसरी दाढ किडून खोल गेलेली, आणि हिरड्या पुढून मागून काळ्याशार. मिश्री. आमच्याकडं तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजतात, कुटून त्याची पूड करतात आणि बायका ती बोटानं दात-हिरड्यांना घासतात. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, झोपताना, आणि मध्ये जीव घाबरा झाला की पुन्हा. म्हणायला दात घासायचं, करायची नशा. मथुराबाईच्या उजव्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत काळं झालेलं होतं.

"उपटून टाका की एकदाची," ती म्हणाली.

मी म्हटलं, दाढ वाचण्यासारखी आहे, कशाला उपटता. मग मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. दाढेच्या मुळात केसाएवढ्या बारीक नळ्या असतात. तुमच्या दाढेच्या तीन नळ्या आतून कुजल्यात, त्यात पू झालाय. त्या बारीक सुयांनी खरवडायच्या, औषधाच्या पाण्यानं धुवायच्या, आत औषध भरून आठ दिवस ठेवायचं, पुन्हा उघडून धुवायचं. आत एक जंतू राहिला नाही अशी खात्री झाली की मगच कायमचं बुजवायचं. तोवर वरून नुसतं तात्पुरतं सिमेंट. तीन-चार वेळा यावं लागेल.

हे भाषण मी मास्तरांना दिलंय, वकिलांना दिलंय, एका फौजदाराला दिलंय. सगळे मान डोलावतात आणि शेवटी विचारतात, "म्हणजे एकाच दिवशी सगळं होणार नाही का?"

मथुराबाई मात्र म्हणाली, "मेंढराच्या जखमंसारखंच की, माय."

"म्हणजे?"

"मेंढराला काटा लागला, आत किडं पडलं. वरनं खपली धरती, बघणाऱ्याला वाटतं बरं झालं. म्या ती खपली काढून टाकती. रोज शिताफळाच्या पाल्याचा रस पिळायचा, किडं भाईर काढायचं. आतलं साफ झाल्याबिगर वरनं मिटू द्याचं न्हाय. न्हायतर आतल्या आत सडून मेंढरू मरतंय."

मी हातातला आरसा खाली ठेवला. एकोणीस वर्षांत मला कुणी रूट कॅनॉल इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं, आणि मी डॉक्टर! माझा कंपाउंडर महारुद्र तिकडं हसायला लागला. मथुराबाईनं लगेच त्याला धरला. "हास, हास. दात दिसू दे. म्या दात बघूनच मेंढरू इकत घेती. दोन दाती, चार दाती, सहा दाती. तू तर आठी दात येऊन जुळलेला, म्हातारा हाईस, आता तुला कोण घेनार?" महारुद्र पन्नाशीचा. तो लाजून औषधाच्या कपाटाकडं गेला आणि मी पोट धरून हसले. दवाखान्यात असं हसणं फार वेळा होत नाही.

त्या दिवशी मी दाढ उघडली. पू भस्सकन वर आला, वासानं शिवगंगा दाराबाहेर गेली. मथुराबाई हलली नाही. सुयांनी नळ्या खरवडल्या, मग पिचकारीनं औषधाचं पाणी सोडलं. ते पाणी ब्लीचच्याच जातीचं असतं, त्याचा वास तिला लगेच ओळखू आला. "ह्ये तर गिरामपंचायत हिरीत टाकती त्याचा वास!" तेच ते, मी म्हटलं, विहिरीतले जंतू मारतं तसं इथलेही मारतं. शेवटी नळ्यांत पांढरं औषध भरलं. तेही चुन्याच्याच जातीचं. हे सांगितल्यावर तिला हसू आवरेना. "आता गं माय! तंबाखूबिगर नुसता चुनाच भरला व्हय माझ्या तोंडात!"

वरून सिमेंट लावलं आणि बजावलं. "आठ दिवसांनी या. दुखायचं थांबलं तरी या."

"मधीच कोन सोडतं?" ती म्हणाली. "जखम उघडून ठिवायची आन् मधीच सोडायची, आसं आमच्यात करत न्हायत."

हे मी का सांगतेय? तर माझ्याकडं येणाऱ्यांतले निम्मे लोक दुसऱ्यांदा येतच नाहीत. पहिल्या दिवशी पू निघतो, ठणका थांबतो. ठणका थांबला म्हणजे रोग गेला! मग आठ-पंधरा दिवसांत सिमेंट झिजतं, जंतू पुन्हा आत जातात आणि सहा महिन्यांनी तोच माणूस गाल धरून येतो. वर मलाच म्हणतो, "तुमच्याच्यानं बरं झालं न्हाय." महारुद्र अशा अर्धवट सोडलेल्यांची नावं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि फोन करत बसतो. या लोकांवर माझा राग आहे. एकोणीस वर्षांचा साचलेला राग आहे. तो ज्यांच्यावर निघायला हवा ते तर परत येतच नाहीत. जे येतात त्यांच्यावरच निघतो.

मथुराबाई बरोबर आठव्या दिवशी आली. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून, पहिल्या एस्टीनं. गालाची सूज पार उतरली होती, दुखणं नव्हतं, तरी आली होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या दिवशी दहा वाजल्यापासून लाईट गेलेली, इन्व्हर्टर कुईकुई करतोय, बाहेर बाकडी भरलेली, आणि नुकताच एक जण माझ्याशी भांडून गेलेला. मी तोंड उघडायला सांगितलं. बघते तर वरचं सिमेंट अर्धं पडलेलं, आणि त्या खड्ड्यात काळी पूड गच्च बसलेली. बोटानं मिश्री घासघासून तिनंच ते सिमेंट उकरलं होतं. पांढऱ्या औषधाचा मागमूस नाही, नळ्यांच्या तोंडापर्यंत मिश्रीच मिश्री.

माझं डोकं सटकलं.

"हे काय केलंत मावशी? मी इथं मान मोडून नळ्या धुते आणि तुम्ही त्यात मिश्री कोंबता? आता वरनं शेण तरी घाला! मेंढराच्या जखमेत असला उकिरडा भरता का? तिथं बरं कळतं!"

दार उघडं होतं. बाहेरची बाकडी ऐकत होती. दोघं-तिघं हसले. शिवगंगा कोपऱ्यात उभी होती, तिनं मान खाली घातली. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय खोटं? ऐका, मावशी. आधी मिश्री सोडा, मग माझ्याकडं या. हिरड्या साफ दिसल्या पाहिजेत मला. मिश्री लावून आलात तर या खुर्चीवर बसू देणार नाही. महारुद्र, ऐकलंस ना?"

 मी सगळं पुन्हा केलं. खरवडलं, चारदा धुतलं, चुना भरला, सिमेंट लावलं. रागात असले तरी माझा हात चुकत नाही, त्याचाही मला गर्व होता. ती उठली, दोन्ही हात जोडले आणि एवढंच म्हणाली, "माझं चुकलं, बाई." मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

असं मी दिवसाला दहा जणांना बोलते. संध्याकाळपर्यंत माझ्या मनात काही राहत नाही. दुसऱ्याच्या मनात राहतं की नाही, ते मी कधी बघायला गेले नव्हते.

पुढच्या आठ दिवसांनी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महारुद्रनं फोन लावला, बलभीमनं उचलला. "आई म्हणती, दुखत न्हाय. येती म्हणती."

"झालं!" मी म्हटलं. "हीपण त्याच माळेतली. म्हणे आमच्यात मधीच सोडत न्हायत!"

महारुद्र घुटमळला. "म्याडम, त्या तशातल्या वाटल्या न्हायत. सास्तूरला माझा मेव्हणा हाय. रविवारी जाऊन बघून येऊ का?"

"काही गरज नाही. दात त्यांचा आहे, गरज त्यांना आहे."

त्यानं आणखी दोनदा फोन केला. तेच उत्तर. मग कॅलेंडरचं पान उलटलं आणि नाव मागच्या पानावर गेलं.

श्रावणातल्या एका सकाळी दवाखान्यापुढं जीप थांबली. बलभीमनं आईला उचलूनच आणली, मागं शिवगंगा. मी हातातलं काम टाकून पुढं धावले. हनुवटीपासून छातीच्या वरपर्यंत गळा सुजून एकच झालेला, कातडी ताणून चकाकतेय, ओठ विलगलेले आणि लाळ गळतेय, कारण गिळता येत नाही. आडवी होऊ शकत नव्हती. पुढं वाकून बसून एकेक श्वास ओढत होती.

आणि मी काय बोलले असेन? घाबरले की मी रागावते. मी म्हणाले, "इतके दिवस कुठं होता, मावशी? सांगितलं नव्हतं का मी?"

तिला बोलता येत नव्हतं. तिनं दोन बोटांनी खालचा ओठ ओढला आणि मला हिरडी दाखवली. हिरडी काळी नव्हती. जागोजागी सोललेली, लालसर, पण साफ. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हटलं, "ते राहू द्या, जबडा उघडा." जबडा एक बोटभरही उघडेना. तेवढ्यावरून मला कळलं की माझ्या हातातलं काही राहिलेलं नाही.

इंजेक्शन दिलं. सोलापूरच्या एका दवाखान्यात फोन करून गळ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तयार राहायला सांगितलं. ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले, तेव्हा त्याच जीपमध्ये बसवलं आणि मीही चढले. बाहेर पेशंट बसलेले होते, त्यांना महारुद्रनं काय सांगितलं मला माहीत नाही.

हायवेला ट्रकांची रांग. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून ड्रायव्हरांना शिव्या घालत होते. एका हातानं तिची पाठ धरली होती, तिचा हात माझ्या दुसऱ्या हातात होता. अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करून देतात. मी ते पुस्तकात वाचलंय, केलेलं कधी नाही, आणि जीपमध्ये माझ्याकडं तसलं काहीच नव्हतं. नळदुर्ग मागं पडलं. "आलं, मावशी, आलं सोलापूर," मी म्हणत होते, आणि सोलापूर अजून लई लांब होतं. तिनं माझा हात एकदा जोरात दाबला. मग तो सैल झाला. शिवगंगानं हंबरडा फोडला तेव्हा ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली.

तेराव्यानंतर मी वस्तीवर गेले. महारुद्र बरोबर होता. मला जायची लाज वाटत होती आणि न जाण्याचीही. बलभीमनं घोंगडं अंथरलं, चहा झाला. त्याच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. "तुमी तर गाडीत बसून आला, म्याडम. एवढं कोन करतंय?" असं तो म्हणाला, आणि मला जमीन फाटली तर बरं असं झालं. मग मेंढरं बांधायला तो उठून गेला. शिवगंगा उंबऱ्याशी बसली होती. मी तिला विचारलं, "मावशी मधल्या दिवसांत आल्या का नाहीत गं?"

तिला आधी सांगायचं नव्हतं. मी तीनदा विचारलं.

"आत्याबाई त्या दिशी घरी आल्या आन् मिश्रीची डबी माझ्या हातात दिली," ती म्हणाली. "म्हणल्या, लपवून ठिव, मागितली तरी देऊ नगं. दोन दिस काढले. डोस्कं धरून बसायच्या, अन्न गोड लागंना, हात कापायला लागले. तिसऱ्या दिशी माझ्या पाया पडून डबी मागितली, बाई. सासूनं पाया पडायचं म्हंजे! म्या दिली."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. दर सोमवारी मथुराबाई मिश्री सोडायची आणि बुधवार-गुरुवारी पुन्हा बोट काळं व्हायचं. शिवगंगा म्हणायची, तशाच चला बाईकडं. तर ती म्हणायची, "ह्या तोंडानं? चार माणसांत सांगितलंय त्यांनी. म्या डोळ्यात धूळ टाकून खुर्चीवर बसू व्हय?" बलभीमला तिनं कारण कळू दिलं नाही. लेकाला काय सांगायचं, की आईला मिश्री सुटेना?

त्या मिश्रीची गोष्टही शिवगंगानंच सांगितली. त्र्याण्णवच्या भूकंपात मथुराबाईची धाकटी लेक गेली, दोन वर्षांची. मथुराबाई मेंढरांजवळ रानात होती, लेक घरात आजीपाशी झोपली होती. पुढं पत्र्याच्या शेडात राहायला गेले. तिथं तिला झोप येईना, जरा डोळा लागला की लेकीचं रडणं ऐकू यायचं. शेजारच्या एका म्हातारीनं तिच्या बोटावर चिमूटभर मिश्री ठेवली. म्हणाली, लाव, डोकं बधिर होतं. तेव्हापासून तीस वर्षं ते बोट तोंडात होतं. मी विचारलं असतं तर तिनं मलाही सांगितलं असतं. बोलकी होती ती. मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी दाढ पुन्हा ठणकायला लागली. दाढेवर मिश्री दाबली की ठणका बधिर व्हायचा. म्हणजे दुखलं की मिश्री, आणि मिश्री लावली की माझ्याकडं यायची बंदी. लोहाऱ्याला दातांचा दुसरा डॉक्टर आहे, तिकडं तरी जाऊ, असं शिवगंगा म्हणाली. मथुराबाईनं ऐकलं नाही. "ज्यानं जखम उघडली त्यानंच ती मिटवायची. दुसऱ्याचा हात लागला की बिघडती." मेंढरांचा कायदा तो, तोच तिनं स्वतःलाही लावला.

"मंग एक दिवस आत्याबाईंनी सगळी मिश्री चुलीत वतली," शिवगंगा म्हणाली. "म्हणल्या, आता आठ दिस कळ काढती. आठ दिसात हिरड्या साफ दिसतील. मंग जाऊ बाईकडं."

आठ दिवस. दाढेत पू, अंगात ताप, आणि तीस वर्षांची मिश्री तुटलेली. खांबाला डोकं लावून बसायची. मिठाच्या पाण्यानं चुळा भरायची, कापडानं हिरड्या पुसायची, सोलून निघाल्या तरी पुसायची. रोज सकाळी सुनेला उजेडात बोलवायची आणि तोंड उघडायची. "बघ गं, गेलं का काळं?" पाचव्या दिवशी हनुवटीखाली सूज आली, बलभीम तेव्हा कारखान्यावरच मुक्कामाला होता. शिवगंगा रडून म्हणाली, आता तरी चला. "अजून तीन दिस," मथुराबाई म्हणाली, "थोडं काळं हाय अजून." सातव्या दिवशी पाणी गिळेना.

"आठवा दिस उजाडला तवा खुणंनंच म्हणल्या, आता जाऊ," शिवगंगा सांगत होती. "आधी सोताचं बोट दाखवलं मला, मंग साफ झालेल्या हिरड्या. म्हंजे, आता बाई रागं भरायची न्हाय."

मी तिथं बसून ते ऐकलं. त्या आठांतल्या पहिल्या दिवशी ती काळ्या हिरड्या घेऊन आली असती, तर काय होतं? अर्ध्या तासाचं काम. दाढ उघडायची, पू वाहू द्यायचा, नळ्या धुवायच्या. सिमेंट उकरलं तर पुन्हा लावायचं, शंभरदा लावायचं. जंतू मारायचं औषध माझ्या कपाटात बाटल्या भरून पडलं होतं. आणि मी त्या बाईला मिश्रीची अट घातली! अशी अट कोणत्या पुस्तकात आहे? कुठंच नाही. माझ्या रागाच्या तोंडातून निघालेली अट, मी संध्याकाळपर्यंत विसरलेली, आणि तिनं ती जिवावर घेऊन पाळली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणाले होते मी. तिनं जिवंतपणी घालवून दाखवली. मला दाखवायला दोन बोटांनी ओठ ओढून बसली, तर मी म्हटलं, ते राहू द्या.

मला रडू आवरेना. महारुद्र उठून बाहेर गेला. शिवगंगा माझ्याजवळ येऊन बसली, "रडू नगा, बाई, त्यांचं तेवढंच हुतं," असं मलाच समजावू लागली. मी डोळे पुसून तिच्याकडं बघितलं आणि तेव्हा दिसलं की ती बोलताना तोंड डावीकडं दाबून धरतेय. डावा गाल किंचित फुगलेला होता. पदराचं टोक तिनं ओठांवर धरलं होतं.

"तुझी पण दाढ दुखतेय?"

"न्हाय न्हाय. थोडीशी. झाले की पंधरा दिस."

"चल. आत्ताच चल, माझ्या गाडीत. आजच उघडते."

ती झटकन मागं सरकली. "न्हाय बाई. म्या बी लावती. आत्याबाईंनी चुलीत टाकली तवा म्या माझी येगळी ठिवली हुती." मग हळूच म्हणाली, "आधी सोडती. महिनाभरात सुटंल."

"शिवगंगा, ऐक," मी म्हटलं. "मिश्री लावून ये. तोंडात तंबाखू धरून ये. कशीही ये, पण ये गं बाई. मी काही म्हणणार नाही."

 मी खाली वाकले आणि तिचे पाय धरले. ती घाबरून उभी राहिली, "आसं करू नगा, बाई, आमाला पाप लागंल," म्हणाली, आणि माझ्या समाधानासाठी मान हलवून "येती" म्हणाली. पण तोंडावरचा पदर तिनं शेवटपर्यंत काढला नाही.